कोबॉटला जाळी लागत नाही म्हणतात, मग हात लागला त्याचं काय? (चाकण, मशीन शॉप)

लाईनलीडर_चाकण

नमस्कार मंडळी. चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत मशीन शॉपला लाईन लीडर आहे. दिवाळीनंतर आमच्या सेलमध्ये (मशीन आणि त्याभोवतीची कामाची जागा) कोबॉट, म्हणजे माणसाच्या शेजारी काम करणारा रोबोटचा हात, बसवला. तो व्हीएमसीमधून (धातू कापायचं मशीन) अ‍ॅल्युमिनियमचं हाऊसिंग काढून टेबलावर ठेवतो, मग लाईनवरची मुलगी बर (कडेला राहिलेले धातूचे धारदार कण) काढते, गेज लावून माप तपासते, पीस क्रेटमध्ये टाकते आणि नवीन कास्टिंग (ओतीव पीस) फिक्स्चरवर (पीस धरून ठेवायची चौकट) लावून देते, ते उचलून तो परत मशीनमध्ये नेतो. आधी हेच काम दोघी मिळून करायच्या. सुरक्षेची जाळी नाही, लाईट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा किरणांचा पडदा) नाही, काहीच नाही, कारण इंटिग्रेटर (रोबोट बसवून देणारा) सांगून गेलाय की हा कोबॉट आहे, माणसाला लागला की आपोआप थांबतो.

मागच्या आठवड्यात एक ट्रेनी मुलगी कास्टिंग लावत होती आणि तेवढ्यात कोबॉटचा हात वळला. ग्रिपरमधल्या (त्याच्या पकडीतल्या) पीसची कडा तिच्या बोटांच्या सांध्यावर घासली. थांबला खरा, पण कातडी सोलून निघाली. फर्स्ट एडची पट्टी लावली आणि पुन्हा काम सुरू. सुपरवायझर म्हणाले थांबला ना, म्हणजे सेफ्टी काम करतेय. रजिस्टरला नोंद नाही. टार्गेट वाढल्यावर स्पीडही वाढवलाय, आणि तो कुणी वाढवला, किती वाढवला, हे लाईनवर कुणालाच सांगितलेलं नाही.

दुसरं म्हणजे मुलींचे खांदे आणि मनगटं दुखतात. दोघी-तिघी म्हणतात रात्री हाताला मुंग्या येतात. मला ऑफिसात बोलायचंय पण काय मागायचं तेच नीट कळत नाहीये. जाळी मागू का? स्पीड कमी करा म्हणू का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

रोबोप्रोग्रामर_भोसरी

ताई, आधी एक गोष्ट पक्की धरा, कोबॉट एकटा सेफ नसतो. हात, ग्रिपर, पीस, टेबल, फिक्स्चर, स्पीड हे सगळं मिळून सेफ आहे की नाही ते बघायचं असतं आणि त्यालाच रिस्क असेसमेंट म्हणतात. रोबोटच्या कडा गोल असतात, तुमच्या कास्टिंगच्या नसतात. ग्रिपरमध्ये धारदार पीस आला की सगळा जोर एका रेघेवर येतो, म्हणून थांबूनही कातडी निघाली.

यासाठी आयएसओ/टीएस १५०६६ नावाचं आंतरराष्ट्रीय मानकाचं डॉक्युमेंट २०१६ ला आलं, आता ते आयएसओ १०२१८ च्या २०२५ च्या आवृत्तीत घेतलंय. त्यात शरीराच्या कुठल्या भागावर किती जोर चालेल त्याचे आकडे आहेत. हात आणि बोटं टेबलावर दाबली गेली तर १४० न्यूटन, म्हणजे साधारण १४ किलोचं वजन ठेवल्यासारखं, आणि नुसता धक्का लागून हात मागे सरकू शकत असेल तर त्याच्या दुप्पट. चेहऱ्याला आणि डोक्याला धक्का बसणं चालतच नाही. जोराबरोबर दाबाचीही मर्यादा आहे आणि धारदार पीसवाले सेल तिथेच अडकतात. हे अंदाजाने ठरवायचं नसतं, मीटर लावून मोजतात. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा की मोजमापाचा रिपोर्ट आहे का, आणि असेल तर कुठल्या स्पीडला घेतलाय. स्पीड दुप्पट केला की धक्क्याची एनर्जी चौपट होते, त्यामुळे आधीच्या स्पीडचा रिपोर्ट आता काही कामाचा नाही.

स्पीड कुणी वाढवला ते बघायची एक जागा आहे. पुष्कळ कोबॉटच्या टीच पेंडंटवर (रोबोट चालवायचा हातातला स्क्रीन) सेफ्टी सेटिंगचा एक कोड दिसतो, चेकसम म्हणतात त्याला. सेफ्टीची लिमिट बदलली की तो कोड बदलतो. पण प्रोग्राममधला स्पीड किंवा स्क्रीनवरचा स्लायडर लिमिटच्या आत वाढवला तर कोड तोच राहतो. इन्स्टॉलेशनच्या कागदावर कोड लिहिलेला असेल तर आजचा कोड त्याच्याशी ताडून बघा, पासवर्ड कुणाकडे आहे तेही विचारा.

आणि जाळीच पाहिजे असं नाही. जमिनीलगत लेझर स्कॅनर लावता येतो, माणूस जवळ आला की रोबोट हळू होतो, अजून जवळ आला की थांबतो, लांब गेला की परत फास्ट. मॅनेजमेंटला हे पटकन पटतं कारण प्रॉडक्शन फार पडत नाही. फक्त अंतर नीट काढायला लावा. हिशोबात माणसाचा चालायचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात, म्हणजे रोबोटला थांबायला अर्धा सेकंद लागला तर तेवढ्यात माणूस ८० सेंटिमीटर आत आलेला असतो. वर सेन्सरचं आणि हात पुढे करण्याचं अंतर वेगळं धरावं लागतं. छोट्या सेलमध्ये जागाच पुरत नाही आणि मग इंटिग्रेटर हे अंतर गुपचूप कापतात, तिथे लक्ष ठेवा.

शिफ्टइन्चार्ज

माफ करा पण जरा जास्तच घाबरवताय असं वाटतं. बजाजने चाकणला २०१० पासून कोबॉट वापरलेत, लाईनवर मुली काम करतात, आणि हात मोडायची जड कामं मशीनकडे गेली हे चांगलंच झालं ना. आमच्याकडे पूर्वी पोरं दिवसभर वाकून ८-८ किलोची कास्टिंग उचलायची, तिशीतच कंबर धरून बसायची. उगाच तक्रारी केल्या तर मॅनेजमेंट म्हणेल पूर्ण सेल जाळीत टाका आणि माणूसच काढून टाका.

फिजिओ_पिंपरी

कंबरेचं म्हणणं खरंय, उचलायचं काम रोबोटकडे गेलं तर कंबर वाचते, मी पेशंटमध्ये बघते ते. पण ताईंनी लिहिलेला त्रास वेगळा आहे आणि त्याचं कारण त्यांच्याच पोस्टमध्ये आहे. आधी दोघी होत्या, त्यात उचलणं होतं, चालणं होतं, बर काढणं, गेज लावणं, क्रेट भरणं होतं, हात आणि पाय आलटून पालटून वापरले जायचे. रोबोटने त्यातलं चालणं-उचलणं नेलं आणि एका बाईकडे मनगटाचं काम तेवढं उरलं, तेही त्याच्या वेगाने. तिने एक पीस चार सेकंद उशिरा केला तर रोबोट फिक्स्चरपाशी येऊन उभा राहतो, वर लाईट पिवळा होतो, सुपरवायझरची मान वळते. म्हणून ती पाणी प्यायला जात नाही. खांदा वर चढवून, घाईघाईने, मनगट वाकवून ती बर काढत राहते.

मी मागितलं असतं ते सांगते. रोबोट आणि बाई यांच्यामध्ये थोडा साठा हवा, म्हणजे एक तिरका रोलर किंवा चॅनेल, ज्यात रोबोट पीस सोडत जाईल आणि ती आपल्या वेगाने उचलेल, तसंच कच्च्या कास्टिंगसाठी एकाऐवजी चार-पाच जागांचं फिक्स्चर. त्यामुळे रोबोट तिच्यासाठी थांबत नाही आणि तिला त्याच्या मागे पळावं लागत नाही. शिवाय तिचा हात रोबोटच्या वाटेतच जात नाही, म्हणजे वरचा अर्धा प्रश्नही त्यातच सुटतो. खर्च रोबोटच्या मानाने काहीच नाही.

टेबलाची उंची बघा. इंटिग्रेटर रोबोटची पोच बघून टेबल बनवतात, माणसाची नाही. बर काढण्यासारखं काम कोपराच्या किंचित खाली पाहिजे. पाच फुटाच्या मुलीला साडेपाच फुटाच्या माणसाच्या मापाचं टेबल दिलं की दिवसभर खांदे वर राहतात. उंची बदलणारं टेबल नसेल तर लाकडी फळी द्या उभं राहायला, पण रुंद आणि न हलणारी, अडखळून पडायला नको. फिक्स्चर बाजूला असेल तर कंबर पिळावी लागते, समोर घ्या.

रोटेशन देतो म्हणतील. बर काढणं झालं की स्क्रू लावायला पाठवलं तर ते रोटेशन नाही, मनगट तेच. पॅकिंग-इन्स्पेक्शन-ट्रॉली असं वेगळं काम पाहिजे. आणि ज्यांना अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट यात रात्री मुंग्या येतात त्यांना लवकर डॉक्टरकडे पाठवा, ईएसआयचं (कामगार विमा योजना) कार्ड असेल तर तिथे. मनगटातली नस दाबली जात असेल तर सुरुवातीला बरं होतं, अंगठ्याचा स्नायू वाळल्यावर अवघड जातं. पत्र्याच्या पेटीतला मलम लावून दिवस काढू देऊ नका.

सेफ्टीवाला_नाशिक

इन्चार्ज साहेब, माणूस काढायची भीती घालून कुणाची बोटं रोज त्या वाटेत ठेवायची हे पटत नाही. २०१५ ला मानेसरला एका कारखान्यात वेल्डिंगच्या रोबोटने तरुण कामगार गेला, बातम्या आल्या होत्या की पत्रा सरकला म्हणून तो नीट करायला पुढे झाला. तो मोठा रोबोट होता, कोबॉट नव्हे, पण पत्रा सरकला, पीस अडकला, सेन्सर लागला नाही असं काहीतरी होतं आणि माणूस सवयीने हात घालतो हे दोन्हीकडे सारखंच. ताई, तुमच्याकडे पीस अडकल्यावर मुली काय करतात ते एकदा उभं राहून बघा. रोबोट थांबलाय म्हणजे बंद आहे असं नाही, तो सिग्नलची वाट बघत असू शकतो आणि आपण अडकलेला पीस हलवला की सिग्नल मिळतो. पॉवर जाते तेव्हा ग्रिपर पीस धरून ठेवतो की सोडतो तेही बघून घ्या, हवेवर चालणारे काही ग्रिपर हवा गेली की पीस टाकून देतात.

आता कागद. त्या मुलीच्या हाताची नोंद आधी करा, तारीख, शिफ्ट, मशीन नंबर, फोटो. पत्र सेफ्टी ऑफिसरच्या नावाने द्या, सेफ्टी कमिटी असेल तर तिथे विषय घ्या, आणि पोच घ्या. चालू मशीनचं कुंपण आणि चालू मशीनजवळचं काम यावर १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये कलम २१ आणि २२ होती, नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यातही कामगाराला सुरक्षेची माहिती मागायचा आणि त्रुटी मालकाला कळवायचा हक्क आहे. आत काहीच हललं नाही तर मग औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, आपण डिश म्हणतो ते. पण आधी आत लिहून द्या, बहुतेक वेळा लेखी आलं की इंटिग्रेटरला फोन जातो. एकटीच्या नावाने देऊ नका, दोन्ही शिफ्टच्या लाईन लीडरच्या सह्या घ्या.

लाईनलीडर_चाकण

सगळ्यांचे खूप आभार. आज चेकसम बघितला, कागदावरचा आणि स्क्रीनवरचा एकच आहे, म्हणजे प्रोग्राममधलाच स्पीड वाढवलाय. मोजमापाचा रिपोर्ट मागितला तर इंटिग्रेटरकडे आहे म्हणाले, मेल करायला लावलाय. नोंद केली. रोलरची आयडिया मेंटेनन्सच्या दादांना आवडली, स्क्रॅपमधूनच बनवतो म्हणाले.

अजून एक विचारायचं होतं. रोबोट वळताना त्याचा कोपर टेबलाच्या खांबाजवळून जातो, टेप लावली तर सगळ्यात कमी फट ७० मिलिमीटर भरते. मुली तिथे क्रेट सरकवायला हात घालतात. हे चालतं का?

रोबोप्रोग्रामर_भोसरी

नाही चालत. अशा फटींचा वेगळा आयएसओ आहे, बोटाला २५ मिलिमीटर, पंज्याला १००, दंडाला १२०, डोक्याला ३००, अख्ख्या अंगाला ५०० एवढी तरी फट हवी. तुमच्याकडे ७० आहे आणि पूर्ण हात आत जातो, म्हणजे १२० च्या वर पाहिजे. खांब बोल्टचा असेल तर आत सरकवा. वेल्डेड असेल तर सेफ्टी सेटिंगमध्ये त्या जॉइंटची मर्यादा घालून कोपर लांब ठेवता येतो, पण ते इंटिग्रेटरकडूनच करून घ्या आणि नवा चेकसम लिहून घ्या. तोपर्यंत क्रेटची जागा दुसऱ्या बाजूला घ्या, हे उद्या पहिल्या शिफ्टलाच होण्यासारखं आहे.