मदत हवी आहे : शेळीला चालते, मग यालाच ‘क’ जीवनसत्त्व बाहेरून का?

अमळनेरकर : मुलाने पाळलेल्या प्राण्याच्या हिरड्यांतून रक्त येते, मागचा पाय टेकवताच तो किंचाळतो आणि त्याने खाणे जवळजवळ सोडले आहे. ‘क’ जीवनसत्त्व कमी पडल्याचे कळले. शेजारची शेळी तोच वाळलेला चारा खाऊन धडधाकट आहे. हा फरक का? कृपया लवकर सांगावे.

चोपड्याचे मास्तर : दादा, प्राणी कोणता हे आपण लिहिलेलेच नाही.

रावेरची बाग : कोणताही असो, रोज पिकलेले केळे कुस्करून द्यावे.

चोपड्याचे मास्तर : भाऊ, रावेरचा अभिमान मान्य, पण शंभर ग्रॅम केळ्यात ‘क’ जेमतेम 9 मिलिग्रॅम असते, पेरूत दोनशेच्या वर.

अमळनेरकर : गिनीपिग आहे. चारा आणि थैलीतले दाणे एवढेच खातो. शेळीचे उत्तर राहिले.

चोपड्याचे मास्तर : शेळीचे यकृत ग्लुकोजपासून ‘क’ तयार करते. त्या प्रक्रियेच्या शेवटच्या टप्प्याला लागणारे विकर (एन्झाइम) ज्या जनुकामुळे बनते, ते जनुक गिनीपिगच्या पूर्वजांत आणि, स्वतंत्रपणे, माणूस व माकडे यांच्या पूर्वजांत निकामी झाले. मात्र पाल्यातून व फळांतून ‘क’ मिळत राहिल्याने त्या बिघाडाचा फटका बसला नाही आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. 1907 मध्ये होल्स्ट व फ्रोलिश या नॉर्वेच्या संशोधकांनी बेरीबेरी या ‘ब-1’च्या अभावाच्या रोगाचा शोध घेताना गिनीपिगना केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्या प्राण्यांना झाला तो स्कर्व्ही, म्हणजे ‘क’च्या अभावाचा रोग.

शिरपूरचा गोठा : म्हैस तर ब-12 सुद्धा स्वतःच बनवते.

यावलची ताई : म्हैस नव्हे, नाना, तिच्या कोटीपोटातील (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील) जिवाणू बनवतात, आणि त्यासाठी चाऱ्यात कोबाल्ट असावा लागतो. आपल्या मोठ्या आतड्यातही जिवाणू ते बनवतात, पण शोषण त्याआधीच्या लहान आतड्यात होत असल्याने आपल्या पदरात काही पडत नाही. ससा स्वतःची मऊ लेंडी पुन्हा खाऊन ही अडचण सोडवतो.

धुळेकर : ‘ड’ मिळावे म्हणून मी मांजरीला सकाळच्या उन्हात बसवतो. ते योग्य आहे ना?

यावलची ताई : मांजरीच्या त्वचेत ‘ड’ पुरेसे बनत नाही, तिला ते मांस-मासळीतूनच मिळते. पण तो प्रश्न येथे नाही.

अमळनेरकर : पाण्यात गोळी विरघळवून दिली तर चालेल का?

चोपड्याचे मास्तर : नको; पाण्यात ‘क’ लवकर नष्ट होते, शिवाय किती प्यायले हे कळत नाही. थैली जुनी असेल तर दाण्यांतलेही उरले नसेल. ढोबळी मिरची व कोथिंबीर द्या; पण खाणे सुटले असल्याने आजच पशुवैद्याकडे न्या आणि मात्रा त्यांनाच ठरवू द्या. वजन किती आहे, तेवढे जाताना मोजून घ्या.