अक्कलदाढेचे 14 हजार: खिशातून द्यावेत की कॉलेजच्या रांगेत उभं राहावं?

कल्याण स्लो
खालची उजवी अक्कलदाढ. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा हिरडी सुजली आणि तोंड जेमतेम चमचा जाईल एवढंच उघडतंय. ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) काढला, तर दाढ चक्क आडवी, शेजारच्या दाढेत डोकं खुपसून बसलेली. जवळच्या दवाखान्यात सर्जन बाहेरून येणार, 14 हजार. मेडिक्लेमवाल्यांना फोन केला. अपघातात दात गेला असता आणि ॲडमिट झाला असता तर बघितलं असतं, म्हणे! दरवर्षी 22 हजार भरतो, पण तोंड त्यात धरलेलंच नाही.

माझं मत: या कामाला खाजगीत पैसे घालूच नयेत. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर आहे. तिथे फार कमी पैशांत होतं. कोणाला विरोधात बोलायचंय?

खवचट काकू
मला. गेल्या वर्षी ह्यांना एका सरकारी कॉलेजात नेलं होतं, कुठल्या ते सांगत नाही. पहिल्या खेपेला केसपेपर आणि एक्स-रे, दुसऱ्या खेपेला रक्त-साखर, मग तारीख, मग दाढ, मग टाके काढायला. पाच खाडे. ह्यांचा रोज 1500, कर हिशोब. आणि शिकणारी मुलगी पाऊण तास खटपट करत होती, घाम तिलाही आणि ह्यांनाही. शेवटी मागून सर आले आणि दोन मिनिटांत दाढ ट्रेमध्ये. मग सर आधीच का नाही आले?

कल्याण स्लो
काकू, 7500 झाले. तरी जवळजवळ निम्म्यात सुटलात की!

दातवाली
मी याच धंद्यात आहे, तेव्हा माझं जरा हातचं राखून वाचा. काकू, ती मुलगी बहुधा बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीची, पाच वर्षं करून एमडीएसला, म्हणजे पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाला, आलेली असणार. आणि दाढ हलवून ठेवण्याचं काम त्या पाऊण तासात तिनेच केलं होतं हो! बाहेरून येणारा सर्जनही अशाच खुर्चीपाशी शिकलेला असतो.

पण 14 हजारांना लूट म्हणू नका. आडवी दाढ उपटत नाहीत. हिरडी उघडायची, हाड कोरायचं, दाढेचे तुकडे करून एकेक काढायचा. जबड्यातून खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जाते. मुळं तिला चिकटून असतील तर ओठ बधिर राहू शकतो. पैसे त्या हाताचे असतात. सरळ उगवलेली वरची दाढ असेल तर एवढे कोणी मागितले की उठून या.

निवांत नागपूरकर
काढायचीच कशाला पण? इंग्लंडमध्ये कुठले उपचार करावेत याच्या सूचना देणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेनं 2000 सालीच सांगितलंय, रोग नसलेली अक्कलदाढ काढू नका. मला तर एकानं चारही दाढांचं ‘पॅकेज’ सांगितलं होतं. दुखत होती एक! उठून आलो, बाकीच्या तिन्ही अजून जागेवर आहेत.

दातवाली
पॅकेजबद्दल सहमत. पण त्याच सूचनेत हेही आहे की हिरडी दुसऱ्यांदा सुजली तर काढण्याचा विचार करावा. यांची तिसरी वेळ आहे.

एडिसनकर
इकडे अमेरिकेत डेंटल इन्शुरन्स असतो म्हणून हेवा करू नका. त्याला वर्षाची मर्यादा असते, माझ्या प्लॅनला 1500 डॉलर. भाच्यानं सुट्टीत पुण्यात येऊन दोन काढल्या आणि दहा दिवस आजीच्या हातचा मऊभात खाल्ला.

खवचट काकू
तिकिटाचे पैसे धरलेस का रे हिशोबात?

एडिसनकर
लग्नाला यायचंच होतं, काकू.

हप्तेबाज
कार्डावर नो-कॉस्ट ईएमआय करा की. महिना दोन-अडीच हजार, कळतही नाही.

कल्याण स्लो
एकदा फ्रिजला केला होता. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बरोबर कळला. दाढ गेल्यावर सहा महिने तिचे हप्ते? नको. रजा आहेत माझ्या, पैसे नाहीत. सोमवारी सीएसएमटी.

खवचट काकू
जा बाबा. सकाळी लवकर जा आणि आपला ओपीजी बरोबर ने, नाहीतर पहिली खेप फुकट जाईल. दाढ काढायच्या दिवशी कोणालातरी सोबत घे. आणि तोंडात कापूस धरून संध्याकाळच्या गाडीत दारात लटकू नकोस.