रीबूट केला की एमडी-० चा एमडी-१२७ होतो, सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये

रात्रपाळी:
मंडळी, डेबियन १२ (लिनक्स) आहे, ४ टीबीच्या दोन डिस्क घेऊन एमडीएडीएमने (लिनक्सचं रेड सांभाळणारं टूल) रेड-१ अ‍ॅरे केला (दोन्ही डिस्कवर तोच डेटा, मिळून एक डिस्क), नाव एमडी-०, एफस्टॅबमध्ये (बूटला काय माउंट करायचं ती यादी) पण तेच टाकलं, दोन महिने मस्त चालू होतं आणि काल लाइट गेली, यूपीएसनेही मान टाकली, परत चालू केला तर दीड मिनिट थांबून सरळ इमर्जन्सी मोड (बूट अर्धवट, समोर बसूनच कमांड द्यायच्या). एमडीस्टॅट (रेडची स्थिती दाखवणारी फाइल) बघितलं तर अ‍ॅरे ठणठणीत, दोन्ही डिस्क चालू, फक्त नाव एमडी-१२७! हाताने स्टॉप करून परत असेंबल केला (जोडला) की चालतं, पण दर वेळी मॉनिटर लावत बसू का? एकजण म्हणतो पार्टिशन टाइप एफडी (लिनक्स रेडचा कोड) कर. करू?

जुनं_खोड:
एफडीच्या नादी लागू नका. कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः अ‍ॅरे जोडायचा तेव्हाचं आहे ते, फक्त ०.९० मेटाडेटाला (डिस्कवर लिहिलेली रेडची माहिती, जुना प्रकार) चालतं. तुमचा १.२ असणार, तो जोडायचं काम इनिटरामएफएसमधला (बूटच्या सुरुवातीला चालणारी छोटी सिस्टम) एमडीएडीएम करतो, आणि तिथे एमडीएडीएम.कॉन्फ या सेटिंग फाइलची जी कॉपी आहे ती अ‍ॅरे बनायच्या आधीची. ओळख पटत नाही म्हणून पाहुण्यासारखा १२७ नंबर देतो.
एमडीएडीएम --डिटेल --स्कॅन चालवा, येईल ती ओळ एमडीएडीएम.कॉन्फमध्ये टाका, मग अपडेट-इनिटरामएफएस -यू, म्हणजे तिथली कॉपी नवी होईल. ही दुसरी पायरी निम्मे लोक विसरतात आणि मग शिव्या डेबियनला.

रात्रपाळी:
केलं, एमडी-० आला! पण म्हटलं एफस्टॅबमध्ये नावाऐवजी यूयूआयडी (ओळख क्रमांक) टाकू, तर परत इमर्जन्सी 😭

कोकणी_पेंग्विन:
स्कॅनमधला यूयूआयडी टाकला ना, मध्ये कोलनवाला? तो अ‍ॅरेचा. एफस्टॅबला फाइलसिस्टमचा लागतो, डॅशवाला, बीएलकेआयडी कमांड दाखवते. मीपण एकदा रात्री दोनपर्यंत डोकं आपटलंय यावर.
आणि डेटाचाच अ‍ॅरे असेल तर एफस्टॅबच्या ओळीत नोफेल टाकून ठेव, म्हणजे अ‍ॅरे नाही आला तरी सर्व्हर उठेल, एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) बघता येईल.

जुनं_खोड:
कॉन्फमध्ये तीच ओळ दोनदा नाही ना पडली तेवढं बघा, >> वाली (फाइलच्या शेवटी ओळ जोडणारी) कमांड लोक दोन-दोनदा मारतात.

रात्रपाळी:
पडली होती 😅 एक उडवली, परत अपडेट-इनिटरामएफएस मारलं. डॅशवाला टाकून तीनदा रीबूट केला, तिन्ही वेळा आपोआप माउंट. मॉनिटर परत पोरीच्या टेबलावर.