कांदा निर्यातबंदी एका रात्रीत लावता येते का?

रानवाट:
७ डिसेंबर २०२३ला निर्यातबंदीची अधिसूचना निघाली तेव्हा आमचा लाल कांदा काढणीला आला होता. अर्धा ट्रॉलीत, अर्धा बांधावर. लगेच लिलावात भाव कोसळले. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत टिकतो, लाल ठेवला तर कोंब फुटतात, सडतो. वडील मिळेल त्या भावात विकून आले आणि सोसायटीच्या कर्जाचं पासबुक उघडून बसले. शहरात कांदा परवडायला हवा, हे मान्य. पण तो भार एकट्या शेतकऱ्यानेच का उचलायचा? मुदत न देता असं करता येतं का?

हिशेबनीस:
कायद्याने येतं. १९९२च्या परकीय व्यापार कायद्यानुसार केंद्र अधिसूचना काढून निर्यात रोखू शकतं. आधीच जहाजावर चढू लागलेल्या मालाला सूट होती. बांधावरच्या मालाला कोण देणार?

चाळकरी:
भाऊ, त्याआधी ऑगस्टमध्येच ४० टक्के निर्यात शुल्क लागलं होतं. बंदी ३१ मार्चपर्यंत म्हणाले, मग वाढवली. ४ मे २०२४ला उठली, तीही टनाला किमान ५५० डॉलर दर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. तोवर लाल कांदा मातीमोल भावात गेला होता. शुल्क पूर्ण हटलं १ एप्रिल २०२५ला.

रानवाट:
काढणीच्या हंगामात बंदी नको, लावलीच तर भावातला फरक सरकारने भरून द्यावा, असा ठराव ग्रामसभेत मांडतोय. मसुदा कोणी तपासून देईल का?