हापूसवरचे बांडगूळ काढताना रानातलेही काढावे का?

प्रश्न:
आमच्या तीन जुन्या हापूस कलमांवर बांडगूळ माजले असून, ते जिथे रुतले आहे त्याच्या पुढची फांदी वाळत चालली आहे. छाटणीच्या वेळी बांधापलीकडच्या रानातलेही काढून टाकावे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. परंतु शिंजीर आणि फुलटोचे हे छोटे पक्षी रोज सकाळी त्याच झुडपांवर जमतात, त्यामुळे हात आखडतो. काय करावे?

उत्तर १:
बागेतले अवश्य काढावे. आयतोबाला आपण बांडगूळ म्हणतो ते अर्धेच खरे आहे. हिरव्या पानांत ते स्वतःचे अन्न तयार करते, मात्र पाणी आणि क्षार फांदीच्या लाकडात शिरलेल्या शोषकमुळांनी ओढून घेते. नुसते ओरबाडल्यास आत राहिलेल्या भागातून ते पुन्हा फुटते. म्हणून ते रुतले आहे त्या गाठीच्या वीतभर खालून फांदीसकट कापावे आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी.

उत्तर २:
रानातले ठेवावे, असे माझे मत आहे. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या याच पानांवर वाढतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये डेव्हिड वॉटसन आणि मॅथ्यू हेरिंग या संशोधकांनी रानाच्या १७ तुकड्यांमधून बांडगूळ काढून टाकले, तेव्हा तीन वर्षांत तिथल्या रानपक्ष्यांच्या पाव हिस्स्याहून अधिक जाती दिसेनाशा झाल्या. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. विशेष म्हणजे, सर्वाधिक फटका फळे खाणाऱ्यांना नव्हे, तर जमिनीवर किडे टिपणाऱ्यांना बसला.

प्रश्नकर्ता:
बांडगूळ फांदीवर आणि किडे जमिनीवर, मग त्यांचा संबंध कसा?

उत्तर २:
पाचोळ्यातून. बहुतेक झाडे पान गाळण्यापूर्वी त्यातील पोषकद्रव्ये परत ओढून घेतात. बांडगूळ तसे फारसे करत नाही, त्याला ती फुकटच मिळत असतात. त्यामुळे त्याचा पाचोळा कसदार असतो, त्यावर किडे पोसतात आणि किड्यांवर पक्षी.

उत्तर ३:
तो अभ्यास निलगिरीच्या झाडांच्या रानांतला आहे. कोकणाला तो जसाच्या तसा लावू नये. रानातले ठेवावे, हे मलाही मान्य आहे, पण त्याची किंमत लक्षात घ्यावी. फुलटोच्या फळ गिळतो, चिकट बी विष्ठेतून बाहेर पडते आणि तो अंग घासून ती फांदीला चिकटवतो. म्हणजे रानातले बी तुमच्या कलमांवर येतच राहणार. दरवर्षी फांद्या तपासाव्यात. नुकतीच रुजलेली बी नखाने खरवडली तरी निघते, पुढे मात्र कोयताच लागतो.