व्हॉलीबॉल क्लबच्या ट्रायआउट (निवड चाचण्या) : कुठे जावं, काय विचारावं?

प्रेषक: नेपरव्हिलची एक आई

नमस्कार मंडळी,

आमची मुलगी सातवीत आहे. शाळेच्या व्हॉलीबॉल संघात यंदा तिची निवड झाली नाही. दोन दिवस रुसवा झाला आणि तिसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी जाहीर केलं की निवड झालेल्या सगळ्या मुली बाहेर क्लबमध्ये खेळतात, तर मलाही क्लबमध्ये जायचंय. उंची वयाच्या मानाने बरी, ५ फूट ५ इंच. जन्म ऑगस्टचा.

मी पुण्यात खो-खो खेळले. शाळा सुटली की मैदानात उतरायचं, एवढीच आमची ट्रायआउट. इथे अमेरिकेत तर क्लबच्या वेबसाइटी पाहून डोकं गरगरतं. ‘नॅशनल’, ‘रीजनल’, ‘ब्लॅक’, ‘सिल्व्हर’ अशी संघांची नावं, आणि ट्रायआउटलाच पैसे भरायचे म्हणे! आपल्यापैकी कोणाची मुलं खेळत असतील तर सांगा: शिकागोजवळच्या आपल्या नेपरव्हिल-ऑरोरा भागात चांगला क्लब कुठला? आधी खाजगी शिकवणी लावावी का? आणि खर्च साधारण किती?

—

प्रेषक: दोन मुलींचा बाबा, ऑरोरा

ताई, नमस्कार.

दोघी मुलींमुळे आम्ही बरीच वर्षं या चक्रात आहोत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘चांगला क्लब कुठला’ हा प्रश्न बाजूला ठेवा. तुम्ही क्लब निवडत नसता, संघ निवडत असता. मोठ्या क्लबात एकाच वयोगटाचे तीन-चार संघ असतात. वेबसाइटवरचे फोटो, जिंकलेले चषक, कॉलेजात गेलेल्या मुलींची यादी, हे सगळं पहिल्या संघाचं. चौथ्या संघाला कोच म्हणून नुकतीच शाळा संपवलेली एखादी पोरगी मिळू शकते. ती उत्तमही असेल, पण ते तुम्हाला आधी माहीत हवं. त्यामुळे विचारायचं ते असं: या संघाचा कोच नक्की कोण? संघात मुली किती घेणार? कोर्टवर सहाच खेळतात, मग बारा घेतल्या तर अर्ध्या बाहेर. आणि खेळायला मिळण्याबद्दल क्लबचं धोरण काय? या प्रश्नाचं उत्तर लेखी असतं, फक्त ते करारात कुठेतरी खाली असतं. बहुतेक ठिकाणी मजकूर असा की फी प्रशिक्षणाची आहे, सामन्यात उतरवण्याची नाही. काही क्लब लहान गटांत सगळ्यांना खेळवतात आणि तसं लिहूनही देतात. सातवीतल्या नवख्या मुलीसाठी मी तरी हेच आधी बघेन.

आता वयाचं. गट ठरवायला १ जुलै ही तारीख धरतात, शाळेची इयत्ता नाही. तुमची मुलगी ऑगस्टची म्हणजे तारखेनुसार ती १२ च्या (१२ वर्षांपर्यंतच्या) गटात बसेल, तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुली १३ मध्ये. फरक नुसता कागदावरचा नाही. १२ ला नेट २.१३ मीटर, म्हणजे ७ फूट, आणि बॉलही हलका. १३ पासून नेट थेट २.२४ मीटर, बायकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात असतं तेवढंच, आणि बॉल नेहमीच्या वजनाचा. वरच्या गटात खेळायला परवानगी असते, खालच्या गटात नाही. तिला १२ मध्ये भरपूर खेळायला मिळत असेल तर मैत्रिणींसाठी १३ चा हट्ट धरू नका. उलट १२ मध्ये संघच चांगला नसेल तर १३ च्या ट्रायआउटलाही नाव घाला, दोन्हीकडे जाता येतं. तारखा आणि वेळा क्लबागणिक पाहून घ्या, कारण दोन ठिकाणच्या वेळा एकमेकींवर आदळतात.

ट्रायआउटचे पैसे खरे आहेत. शिवाय यूएसए व्हॉलीबॉल या राष्ट्रीय संघटनेचं सभासदत्व लागतं. त्यांचे देशभर ४० रीजन आहेत, आपण ग्रेट लेक्स रीजनमध्ये येतो. काही क्लब एएयू किंवा जेव्हीए या दुसऱ्या संघटनांच्या स्पर्धाही खेळतात, त्यामुळे कुठलं सभासदत्व हवं ते नाव नोंदवतानाच विचारा. हे आदल्या रात्री करू नका.

सगळ्यात अवघड वेळ ट्रायआउटनंतरची. ऑफर येते ती ईमेलने, फोनवर, नाहीतर तिथल्या तिथे, आणि बरोबर अनामत रक्कम आणि सही. सही केली की साधारणपणे तो हंगाम त्या क्लबशी बांधला गेला, आणि अनामत परत मिळत नाही. धाकटीच्या वेळी एका क्लबने आम्हाला जिममधल्या टेबलापाशी उभं करून सांगितलं, आत्ता सही करा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या पुढच्या मुलीला. धाकटी गाडीत माझ्याशी बोलली नाही. पण करार वाचायलाही वेळ न देणाऱ्यांच्या हाती मुलगी सहा-सात महिने सोपवायची नव्हती.

खर्च: जवळपासच्या स्पर्धा खेळणारा संघ आणि विमानाने फिरणारा संघ यांच्या फीत दुप्पट-तिप्पट फरक पडतो. वरच्या संघाचा हिशेब काही हजार डॉलरांत जातो. फीत काय धरलंय ते विचारा. हॉटेल बहुधा तुमचं, आणि मोठ्या स्पर्धांना त्यांनी नेमलेल्याच हॉटेलात राहायची सक्ती असते. शिकागोतल्या मॅकॉर्मिक प्लेस या प्रदर्शन केंद्रात स्पर्धा असली तर घरी झोपता येतं, पण पार्किंग आणि आईबापांचं तिकीट वेगळं. हो, आपल्याच मुलीचा सामना बघायला तिकीट.

आणखी एक, हे टाळू नका. १८ वर्षांवरच्या कोचची पार्श्वभूमी तपासलेली असणं आणि त्याने सेफस्पोर्टचं (खेळाडूंचा छळ रोखण्याचं) प्रशिक्षण घेतलेलं असणं बंधनकारक आहे. यूएस सेंटर फॉर सेफस्पोर्टच्या साइटवर कारवाई झालेल्यांची यादी सर्वांसाठी खुली आहे. कोचचं नाव घालून बघायला मिनिटभर लागतं. यात लाजायचं काही नाही.

खाजगी शिकवणीबद्दल आमच्या थोरलीलाच लिहायला सांगतो, ती लिबेरो (फक्त मागच्या रांगेत बचाव करणारी) म्हणून शेवटपर्यंत खेळली.

—

प्रेषक: मंडळाचे जुने काका

सर्वांना सप्रेम नमस्कार.

वाचून करमणूक झाली. आम्ही सांगली जिल्ह्यात शूटिंगबॉल खेळलो, मुठी आवळून. जत्रेत सामने रात्री उशिरापर्यंत चालायचे. नंतर कॉलेजात व्हॉलीबॉलला मी लिफ्टर होतो, म्हणजे मारणाऱ्याला बॉल उचलून देणारा. हजारो डॉलर भरून पोरीने बाकावर बसायचं, हे काही पचनी पडत नाही. आमच्याकडे बाकावर बसायला पैसे पडत नसत, कारण बाकच नव्हता.

हा खेळ विल्यम मॉर्गनने १८९५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योकच्या वायएमसीएत काढला, तो पोट सुटू लागलेल्या नोकरदार मंडळींना बास्केटबॉल झेपत नव्हता म्हणून. म्हणजे खेळ माझ्यासारख्यांसाठी, आणि पाठीवर नंबर लावून उभ्या कोण, तर बारा वर्षांच्या पोरी! आपण मंडळातर्फे शनिवारी एक नेट बांधू या की. मी शिकवतो, फुकट.

—

प्रेषक: ‘थोरली’, सध्या कॉलेजमध्ये

काका, नेट नक्की बांधा, मी सुट्टीत येते. पण तुमच्या पोटवाल्यांचा खेळ आता कुठे पोचलाय बघा: ३० ऑगस्ट २०२३ ला नेब्रास्काच्या फुटबॉल स्टेडियममध्ये मुलींचा कॉलेजचा सामना बघायला ९२,००३ लोक आले होते. त्यातल्या कितीतरी लहान मुलींना दुसऱ्या दिवशी क्लबमध्ये जायचं असणार. म्हणून रांगा आणि म्हणून नंबर.

काकू, आता तुमच्यासाठी. ट्रायआउटला आधी पाठीवर नंबर चिकटवतात, मग भिंतीपाशी हात वर करून पोच मोजतात आणि उडी मारून किती वर हात लागतो ते मोजतात. तिची उंची तिथे लिहिली जाईल, त्यासाठी वेगळं काही करायला नको. पुढे सर्व्ह, पासिंग, हिटिंगच्या रांगा, आणि शेवटी सहा-सहा जणींचे छोटे सामने.

तिथे जोरात मारणारीकडे सगळे आईबाप बघतात. कोच बघतात पास. समोरून सर्व्ह आली की मुलगी पाय हलवून बॉलच्या मागे जाते, का उभ्या जागी हात लांब करते? हात जुळवून स्थिर ठेवते, का बॉल लागताना वर झटकते? झटकला की बॉल छताला. हे घरी जमतं: बाबांनी गॅरेजसमोर उभं राहून सोपे बॉल टाकायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि तिने दर वेळी पाय आधी हलवून बॉल बाबांच्या डोक्यावर आणून द्यायचा. कंटाळा येईपर्यंत. दुसरी गोष्ट सर्व्ह. खांद्यावरून, नेटपार, दहात आठ. वेग नसला तरी चालेल. हाताने वर फेकलेला बॉल दर वेळी वेगळीकडे जात असेल तर आधी नुसतं फेकणंच करा, मारूच नका.

खाजगी शिकवणी लावायची तर ट्रायआउटच्या महिनाभर आधी, या दोनच गोष्टींसाठी. आदल्या आठवड्यात लावली तर कोणी तिचा हात बदलायला जाईल आणि तिथे दोन्ही पद्धती विसरतील.

आवाज लागतो. बॉल आपला असेल तर ओरडायचं. आपली मुलं इथे कमी पडतात, मीही पहिल्या वर्षी फक्त मनात ओरडायचे. आणि रांगेत उभं असताना बॉल गोळा करायला पळणारी मुलगी, चूक झाल्यावर आईकडे न बघणारी मुलगी, कोचच्या वहीत जाते. (आईबापांना बऱ्याचदा आत सोडत नाहीत. चांगलंच आहे.)

फॉर्मवर ‘पोझिशन’ विचारतात. उंच मुलगी दिसली की तिला मिडल ब्लॉकर, म्हणजे नेटपाशी मधोमध उभी राहून समोरचा फटका अडवणारी, करतात. आणि मिडल मागच्या रांगेत गेली की तिच्या जागी लिबेरो, म्हणजे माझ्यासारखी बुटकी, आत येते. म्हणजे उंच मुलगी पास घ्यायला कधी शिकतच नाही! चौदाव्या वर्षी बाकीच्या मुली तिच्याएवढ्या झाल्या की तिच्याकडे काहीच उरत नाही. माझ्याबरोबरच्या दोन मिडल तेव्हाच खेळ सोडून गेल्या. त्यामुळे कोचला सरळ विचारा, या वर्षी ती सहाही जागांवर फिरेल का, म्हणजे मागच्या रांगेतही खेळेल का? १२ च्या गटात हे मिळू शकतं. मला विचाराल तर संघ पहिला का तिसरा यापेक्षा हे मोठं.

गुडघ्याचे पॅड नवे घेतले तर आधी घरात घालून सैल होऊ द्या.

—

प्रेषक: नेपरव्हिलची एक आई

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल दोघांचे मनापासून आभार. काल गॅरेजसमोर नवऱ्याने बॉल टाकले. त्याची पाठ धरली, तिचे पाय हलायला लागले. १२ आणि १३ दोन्हीला नाव घातलंय. एका क्लबला ‘सहाही जागांवर फिरवाल का’ असं ईमेलने विचारलं, त्यांचं उत्तर आलं की संघ ठरल्यावर बोलू. दुसऱ्या, लहान क्लबच्या बाईंनी फोनच केला आणि वीस मिनिटं बोलल्या. मुलीला अर्थात पहिलाच हवाय, त्यांचा टी-शर्ट छान आहे.

काका, शनिवारचं नेट खरंच बांधणार का? तुमच्याकडून लिफ्ट शिकायला ती तयार आहे.

—

प्रेषक: मराठी शाळा, सातवीच्या बाई

मध्येच बोलते, क्षमस्व. स्पर्धा जानेवारीपासून शनिवार-रविवारीच असतात आणि दर वर्षी माझा अर्धा वर्ग वसंतात गायब होतो. रागावत नाही, माझा भाचाही खेळतो. मुलांच्या संघांना तर क्लबही कमी, त्यामुळे तो आणखी लांब जातो. स्पर्धेच्या तारखा मिळाल्या की मला लगेच कळवा, तोंडी परीक्षा त्या सोडून ठेवीन. दोन सामन्यांच्या मध्ये वाचन होईल असं मात्र कोणी सांगू नका. त्या वेळात मुलींना दुसऱ्या संघांच्या सामन्याचे गुण लिहायला आणि लाइनवर झेंडा घेऊन उभं राहायला लागतं, हे मी जाऊन पाहिलंय.

काकांच्या नेटसाठी शाळेचा हॉल शनिवारी चारनंतर मोकळा असतो. छत उंच आहे. किल्ली माझ्याकडे.