नडगीच्या रॉडचा स्क्रू काढायचा म्हणतात, हाड सरकणार नाही ना?

घाटमाथा: थोरल्या भावाची नडगी मधोमध आडवी मोडली होती. हाडाच्या पोकळीत इंटरलॉकिंग रॉड (दोन्ही टोकांना स्क्रूने अडकवलेला) घालून ४ महिने झाले, एक्स-रेत अजून फट दिसते. गुडघ्याकडचा एक स्क्रू काढू, असं डॉक्टर म्हणतात. हाड जुळलेलं नसताना आधारच काढायचा?

अस्थिबंध: आधार रॉडचा आहे आणि तो आतच राहणार. स्क्रू रॉडला हाडाशी जखडतात. त्यामुळे लांबी टिकते, पाय फिरत नाही. पण तुकड्यांत फट राहिली असेल तर तीही तशीच जखडली जाते. रॉडच्या वरच्या टोकाला बहुतेकदा गोल भोकं आणि एक लांबट खाच असते. गोल भोकातला स्क्रू काढला की खाचेतला काही मिलिमीटर सरकतो आणि पाऊल टाकताना हाडाची टोकं एकमेकांवर दाबली जातात. याला डायनामायझेशन म्हणतात. खाचेत स्क्रू आहे ना, हे मात्र आधी विचारा. वरचे सगळेच काढले तर पाय फिरू शकतो. नंतर डॉक्टर सांगतील तसं पूर्ण वजन द्यायचं. पाय उचलून चाललात तर स्क्रू काढून उपयोग नाही.

नागझरी: आडव्या मोडीला हे चालतं. चुरा झालेला असेल तर नको, पाय आखूड होतो. शेजारचं बारीक हाड, फिब्युला, आधी जुळलंय का तेही एक्स-रेत बघून घ्या. ते खांबासारखं उभं राहून नडगीची फट मिटू देत नाही.

ओटी_टेबल: दवाखाना बदलणार असाल तर जुन्या फायलीतला इम्प्लांटचा, म्हणजे घातलेल्या रॉड-स्क्रूचा, स्टिकर सोबत न्या. कंपनी, साइज सगळं त्यावर असतं. स्क्रूड्रायव्हर जुळला नाही तर स्क्रूच्या डोक्याचा खाचा झिजतो आणि १० मिनिटांचं काम तासावर जातं.

घाटमाथा: स्टिकर आहे. भाऊ तंबाखू खातो, त्याचा काही संबंध?

अस्थिबंध: थेट संबंध आहे. निकोटिनने रक्तपुरवठा घटतो, हाड जुळायला उशीर होतो. तंबाखू, मिसरी, बिडी सगळं आजच बंद करायला सांगा. साखर, व्हिटॅमिन डी आणि जंतुसंसर्गासाठी सीआरपी, ईएसआर या रक्तचाचण्या करून घ्या. आत पू असेल तर आधी त्यावर उपचार. नुसती वाट बघत बसू नका. हाड जुळत नाही तोवर प्रत्येक पावलाचा ताण धातूवर येतो, आणि महिनोन्‌महिने तसंच चाललं तर स्क्रू तुटतो, कधी रॉडही. एवढं करूनही फट राहिली तर जुना रॉड काढून, हाडाची पोकळी कोरून, त्याहून १-२ मिमी जास्त जाड रॉड घालतात.